विसाव्याच्या दारात नवे सोवळे

आषाढ लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यांत रविवार उरतच नाही. बांध्यांत पाणी साचलेले, पऱ्हे उपटायला आलेले, आणि बाया दिवसभर चिखलात वाकून रोवणी करीत असतात. अशा बाईने ओळीने तीन प्रार्थनासभा चुकवल्या की मंडळीतली कुणीतरी हटकतेच, "विश्वासात थंड पडलीस का गं?" बिडी वळणारीची गत वेगळी नाही. तिची मजुरी हजारी बिडीवर; सभेत बसली तेवढ्या बिड्या कमी. मग उपास धरला नाही, दशांश दिला नाही, शेजारच्या घरचा प्रसाद हातात घेतला, अशी तिच्या खात्यावरची बाकी वाढत जाते. एक सोवळे फेडून आलेल्या माणसाला आपण दुसरे नेसवतो, आणि त्याला ख्रिस्ती जीवन म्हणतो.

नागपूर–राजनांदगाव हा लोहमार्ग आपल्या तिरोडा, गोंदिया, आमगावावरून जातो. 1893 साली याच वाटेने नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली, बोलणे झाले, आणि त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला. वाचतो म्हणून कबूल केले होते, म्हणून ते वाचू लागले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन खिळले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ते प्रवचन सोपे आहे असे मात्र कुणी समजू नये. खून करू नका एवढ्यावर येशू थांबत नाही, मनातला राग काढा म्हणतो. पण त्याच प्रवचनात तो दान गुपचूप करायला सांगतो, प्रार्थना दार लावून करायला सांगतो, आणि उपास असेल त्या दिवशी डोक्याला तेल लावून, तोंड धुऊन बाहेर पडायला सांगतो. ज्या उपासाची खबर शेजारणीलाही लागू नये, त्याची मोजदाद आपण भरसभेत हात वर करायला लावून करतो! शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नव्हे, हेही त्यानेच सांगितलेले. कष्टलेल्यांना, ओझ्याने वाकलेल्यांना त्याने विसाव्याला बोलावले, तेव्हा आधी हजेरी विचारली नव्हती.

पंडिता रमाबाईंना हे कळायला वेळ लागला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर लहानपणापासून तीर्थे केली, व्रते केली. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला, तरी मन निवले नाही. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. विधी बदलून भागत नाही याची याहून स्पष्ट कबुली मराठी ख्रिस्ती माणसाला कुठे मिळणार? आपल्या मंडळ्यांत मात्र बाप्तिस्म्याचा दाखला हातात पडला की काम झाले असे धरतात, आणि उरते ते नियमांचे पालन.

टिळकांनाही मिशनची चौकट पुढे अपुरी वाटू लागली. 1917 साली मिशनचे पगारी काम सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोनच वर्षांत, 1919 साली ते गेले. दरबार फार टिकला नाही हे खरे, पण म्हणून ती कल्पना चुकली असे मी मानत नाही.

आता वडीलधारे म्हणतील, नियम सैल केले तर मंडळी आळसावेल. कृपेच्या नावाखाली जो तो मनाला येईल तसे वागेल. भीती खोटी नाही, तसे वागणारे मीही पाहिले आहेत. पण विसावा मिळालेला माणूस हातावर हात ठेवून बसतोच असे नाही. 1896–97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला मुलूख तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाई पुण्याहून तिकडे गेल्या, आणि उपाशी, निराधार अशा सुमारे तीनशे मुली-बायकांना त्यांनी आपल्याकडे आणले. उपासमार म्हणजे काय ते त्यांच्या घराने भोगलेले होते. या प्रवासासाठी त्यांना कुठल्या मंडळीचा नियम लागला नाही, आणि परत आल्यावर किती रविवार चुकले हे कुणी विचारले नाही.