गुप्तदान आणि उघडा हिशेब

डिचोली तालुक्यातील मुळगाव येथे एका भक्ताच्या घरी पूजा व प्रसाद झाल्यावर त्या घरच्या वृद्ध गृहस्थांनी संकोचाने एक शंका विचारली, "स्वामीजी, धर्मकार्याला दिलेल्या पैशाचा हिशेब विचारला, तर दानाचे पुण्य उणे होते का?" खरे सांगावयाचे तर प्रथम आमच्याच मनात किंचित चलबिचल झाली. मठही लोकांनी दिलेल्या धान्यावर व द्रव्यावरच चालतो. हा प्रश्न आपल्यालाच तर नाही ना, असे वाटून गेले.

या शंकेचे उत्तर शोधताना बौद्धांचा अनुभव पाहण्यासारखा आहे, कारण त्यांच्या संघात ती फार लवकर उभी राहिली. बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर सुमारे 100 वर्षांनी वैशालीचे भिक्षू उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे पात्र मांडून उपासकांकडे नाणी मागत, अशी हकिगत विनयपिटकात आहे. यश नावाच्या भिक्षूने यास विरोध केला. त्याला वाटा देऊ केला, तोही त्याने नाकारला. वाद वाढला आणि दुसरी संगीती भरली. सोन्यारुप्याचा स्वीकार भिक्षूस वर्ज्य, असा तेथे निर्णय झाला.

परंतु द्रव्यावाचून विहार कसा चालावा? याचे उत्तर आपल्याच मराठी मुलुखात, नाशिकच्या पांडवलेण्यांतील 10 क्रमांकाच्या लेण्यात कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी तेथील संघासाठी 3000 कार्षापणे ठेविली. ती भिक्षूंच्या हाती न देता गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून सोपविली. 2000 वर दरमहा शेकडा 1 आणि 1000 वर पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल अक्षय राहावे आणि केवळ व्याज वापरावे, म्हणून या ठेवीस अक्षयनीवी म्हणत. आता गणित पाहा. 2000 चे वर्षाचे व्याज 240 होते, आणि 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापणे, म्हणजेही 240 च! हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले, फलकावर नोंदविले, आणि वर पाषाणातही कोरले. ज्यांच्यासाठी धन, त्यांच्या हाती ते नाही; ज्यांच्या हाती ते आहे, त्यांचा व्यवहार साऱ्या नगराला ठाऊक.

हीच गरज आजही आहे. ब्रिटनमधील बौद्धांनी 1980 साली भारतासाठी निधी उभारण्यास आरंभ केला; तीच संस्था पुढे करुणा ट्रस्ट म्हणून ओळखली गेली. तिचे कार्यकर्ते दारोदार जाऊन नियमित देणगीचे वचन घेत, आणि त्यातून महाराष्ट्रातील वसतिगृहांसारख्या कार्यास साहाय्य होई. देणारा इंग्लंडात, शिकणारे मूल इकडे. दोघांची भेट कधीच नाही. त्यांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे हिशेब. महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने लेखापरीक्षण आवश्यक केले, आणि गोव्यातील महाजनांच्या देवस्थानांनाही 1933 पासून नियमावली आहे. तथापि कायद्याच्या भयाने लिहिलेली वही कपाटात राहते. धर्मबुद्धीने लिहिलेली वही भक्तांपुढे उघडली जाते.

कोणी म्हणेल, दान गुप्त असावे असे थोरांनी सांगितले आहे ना? होय, सांगितले आहे. परंतु ती गुप्तता दात्यासाठी आहे. त्याने आपले नाव झाकावे, म्हणजे अहंकार वाढत नाही. घेणाऱ्याने मात्र काहीच झाकू नये. दात्याचा हा गुण घेणाऱ्याने उचलला, की तोच दोष होतो. आयदक्की मारय्यांनी एके दिवशी अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत पाठविले. अधिक झाले हे त्यांना कळले कशावरून? घरचे रोजचे माप त्यांना ठाऊक होते म्हणून. माप ठाऊक नसेल, तर लोभ आल्याचे कळणारही नाही.

म्हणून त्या वृद्धांस आम्ही सांगितले, "बाबा, हिशेब विचारल्याने तुमचे पुण्य उणे होत नाही. उलट, घेणाऱ्याला पापापासून वाचविण्याचे पुण्य त्यात अधिक मिळते." त्यावर ते हसून म्हणाले, "मग आपल्या अन्नदासोहाचा जमाखर्च कधी ऐकवणार?" पुढील श्रावणात, प्रसादापूर्वी, सर्वांसमोर वाचून दाखवू, असा शब्द देऊन आलो आहोत. भक्तांनी त्या दिवशी अवश्य यावे आणि निःसंकोच विचारावे.

शरणु शरणार्थी.