साडेपाच तास नागपूर

माझ्या फोनमध्ये एक शीट आहे, तिचं नाव 'नागपूर हॉल्ट'. पुण्याहून घरी जायचं म्हणजे मला बहुतेकदा नागपूरला उतरून गाडी बदलावी लागते. कोल्हापूरहून थेट गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, पण हवं तेव्हा तिचं तिकीट मिळेलच असं नाही. मग नागपूरपर्यंत एक गाडी, तिथून तिरोड्यापर्यंत दुसरी, आणि तिरोड्याहून रस्त्याने बोदलकसा. मधले चार-पाच तास नागपूरचे. पहिल्या नोकरीच्या काळात हे तास फुकट जातात म्हणून मी चिडायचो. मग विचार केला, आपण इंजिनिअर आहोत, यावर उपाय काढू. त्यातून ती शीट झाली.

शीटमध्ये जागेचं नाव, स्टेशनपासून लागणारा वेळ, खर्च आणि दहापैकी गुण असे रकाने आहेत. बॅगेला कुलूप लावून ती क्लोकरूममध्ये टाकायची. स्टेशनजवळूनच मेट्रो मिळते, दहा-वीस रुपयांत सीताबर्डी. तर्री पोह्यांवर सकाळ निघते. झिरो माईल आणि दीक्षाभूमी पाहायला तिकीट लागत नाही. फुटाळा तलावाच्या काठी बसायलाही कुणी पैसे मागत नाही. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असतो आणि वर्षातल्या ठरावीक दिवशीच उघडतो, म्हणून तो बाद. शेवटी पाव किलो संत्रा बर्फी आणि परत स्टेशन.

आमच्या क्षेत्रात या कोड्याला 'ओरिएंटिअरिंग प्रॉब्लेम' म्हणतात. नकाशावर ठिकाणं आहेत, प्रत्येकाला काही गुण आहेत, हातात ठरावीक वेळ आहे. सगळीकडे जाणं शक्य नाही. कुठे गेलं आणि कोणत्या क्रमाने गेलं तर गुणांची बेरीज सर्वांत जास्त होईल? ठिकाणं वाढली की हे कोडं संगणकालाही घाम फोडतं. सात ठिकाणांसाठी मात्र शीट पुरते. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी ते सोडवलं, आणि तेव्हा बाबा माझ्यासोबत होते.

बाबा धानाची शेती करतात. पंधरा दिवस माझ्याकडे पुण्याला राहून ते परत निघाले होते. सकाळी आठला नागपूर, दुपारी दीडला पुढची गाडी. दोघांचं बजेट पाचशे रुपये. स्टेशनवर उतरल्या उतरल्या बाबा म्हणाले, "मी इथंच बसतो बॅगेजवळ. तू जाय, फिरून ये." मी ऐकलं नाही. आयुष्यभर ज्यांनी नागपूर फक्त कामापुरतं पाहिलं, त्यांना आज शहर दाखवायचंच, असं माझ्या मनात होतं. हेतू वाईट नव्हता, हे मला आजही वाटतं.

झिरो माईलला मी त्यांना चार घोड्यांपुढे उभं केलं. हा खांब देशाचा मध्य म्हणून सगळ्यांना माहीत असतो. खरं तर तो ब्रिटिशांच्या मोजणीच्या कामातला दगड. शेजारच्या दगडावर हैदराबाद, जबलपूर, चांदा अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. मी फोटो काढला, नीट आला नाही म्हणून परत काढला, मग त्यांना थोडं डावीकडे सरकवलं. बाबा मुकाट्याने सरकले आणि म्हणाले, "हे सारं कोनाले दाखवाचं हाये?"

मी हसलो. पुढचं ठिकाण दीक्षाभूमी होतं.

दीक्षाभूमीवर ते बोधिवृक्षाच्या सावलीत बसले. चप्पल काढून पाय पसरले. दोन दिवसांत पहिल्यांदा ते सैल झालेले दिसले. थोड्या वेळाने आपणहून बोलू लागले. "तुझी आजी मेडिकलले होती ना, तवा मी अकरा वेळा आलो नागपूरले. मेडिकल आणि स्टेशन, बस. एका रात्री तर असं झालं…"

मी घड्याळ पाहिलं. शीटप्रमाणे आम्ही पाच मिनिटं मागे होतो. मी म्हणालो, "बाबा, चालता चालता सांगा ना."

ते उठले. चप्पल घातली. चालता चालता त्यांनी काहीच सांगितलं नाही. फुटाळा झाला, बाजार झाला, बर्फी झाली. चारशे ऐंशी रुपये लागले आणि सातपैकी सात ठिकाणं झाली. गाडीत बाबा झोपले. त्या रात्री काय झालं होतं, हे मी नंतर तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "काही नाही, असंच."

तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारतो आहे. हातातल्या वेळेचा पुरेपूर वापर करणं चांगलंच, असं आपण धरून चालतो. पण 'पुरेपूर' कशावरून ठरतं?

पहिली अडचण गुणांची. शीटमधले दहापैकी आठ, दहापैकी नऊ मी कुठून आणले होते? फोनच्या नकाशावरून, म्हणजे हजारो अनोळखी लोकांच्या सरासरीवरून. गणित मी अचूक सोडवलं, पण त्यात भरलेले आकडे माझे नव्हते. बाबांचे तर नव्हतेच. झाडाखालच्या सावलीला शीटमध्ये रकाना नव्हता, म्हणून तिचे गुण शून्य. 'कोनाले दाखवाचं हाये' हा प्रश्न बाबांनी साधाच विचारला होता, पण माझ्या सगळ्या शीटमध्ये एवढा एकच प्रश्न सुटायचा राहिला होता.

इथे कुणी म्हणेल, मग याद्या सोडा, नुसते बसा, क्षण जगा. हा सल्ला मला पटत नाही. 'नुसतं बसा' हे बहुधा तेच सांगतात ज्यांना पुन्हा कधीही येता येतं. ज्याच्याकडे पाचशे रुपये आणि साडेपाच तास आहेत, त्याने नीट हिशोब करून शहर पाहावं, यात हलकं काही नाही. अकरा वेळा नागपूरला येऊन ज्यांना स्टेशन आणि दवाखान्यापलीकडे काही दिसलं नाही, त्यांच्याकडे वेळ कमी नव्हता. मेडिकलच्या व्हरांड्यात रात्रच्या रात्र पडलेली असायची. वेळ होता, मोकळीक नव्हती. तेव्हा थांब्याच्या तासांतून आनंद काढता येणं हीच एक चैन आहे, आणि ती माझ्या पगाराने मला दिली आहे. हे विसरून यादीला नाक मुरडणं म्हणजे दुसरा अहंकार.

मग चूक कुठे झाली? मला दोन उत्तरं सापडतात.

एक माझ्या कामातलं. सर्व्हर शंभर टक्के व्यस्त ठेवू नये, हे आम्ही लवकर शिकतो. तो जितका शंभरच्या जवळ जातो, तितकी रांग वाढत जाते, आणि ती सरळ रेषेत वाढत नाही, शेवटी शेवटी भडकते. अचानक आलेल्या विनंतीला जागाच उरत नाही. माझी शीट अशी शंभर टक्के भरलेली होती. बाबांची गोष्ट ही अचानक आलेली विनंती होती. ती रांगेत थांबली आणि मग निघून गेली.

दुसरं उत्तर बरंच जुनं आहे. ॲरिस्टॉटलने क्रियांचे दोन प्रकार सांगितले. काही क्रिया शेवटाला पोचल्यावरच पूर्ण होतात. घर बांधणं तसं, बांधून झालं की बांधणं संपतं. काही क्रिया मात्र चालू असतानाच पूर्ण असतात. पाहणं तसं, पाहतो आहोत त्याच क्षणी पाहिलेलंही असतं. माझ्या शीटने पाहण्याचं बांधकाम करून टाकलं. सात झाल्यावर पूर्ण, त्याआधी अपूर्ण. ऐकणंही पाहण्याच्याच जातीचं, म्हणून ते 'चालता चालता' उरकता आलं नाही.

कमी पैशांत, थोड्या वेळासाठी नागपूरला येण्याचं याहून मोठं उदाहरण दीक्षाभूमीच दाखवते. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी तिथे लाखो लोकांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आजही लाखो लोक येतात. कितीतरी जण घरून भाकरी बांधून आणतात, मोकळ्या जागेत रात्र काढतात, जाताना पुस्तकं विकत घेऊन जातात. त्यांचाही वेळ मोजका, पैसेही मोजकेच. पण त्यांची यादी एकाच ओळीची असते, आणि ती ओळ त्यांची स्वतःची असते. म्हणून त्यांना कमी पाहिल्याची चुटपुट लागत नसावी.

मला यातला एक धोका दिसतो. आता मी शीटमध्ये 'रिकामे दीड तास' असा रकाना टाकीन आणि त्या वेळात काहीतरी खोल घडावं म्हणून वाट पाहत बसेन. म्हणजे रिकामेपणाचाही पुरेपूर वापर! यातून सुटायची युक्ती मला सापडलेली नाही. एवढं कळतं की दुसऱ्या माणसासोबत असताना वेळ एकट्याचा नसतो. तो वाचवला की उधळला, हे मी एकट्याने ठरवू शकत नाही.

आमच्या बोदलकशाच्या तलावाला शंभराहून जास्त वर्षं झाली. हिवाळ्यात जिल्ह्यातल्या तलावांवर उत्तरेकडची बदकं येतात. काही मुक्काम ठोकतात, काही थोडे दिवस टेकून पुढे जातात. स्थलांतर म्हटलं की आपल्याला उडणं आठवतं, पण अभ्यासक सांगतात की प्रवासातला बराचसा काळ पक्षी थांब्यांवरच घालवतात, खातात, विसावतात. थांबा नसेल तर पुढचं उडणंच होत नाही. गेल्या हिवाळ्यात पाळीवर बसून मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "हे त पाखराले पाहून बी समजते."

बाबांचे गुडघे आता दुखतात. येत्या डिसेंबरात त्यांना पुण्याला आणायचं आहे, आणि जाताना नागपूरला चार तास मिळतील. शीट उघडून मी सातही ओळी पुसल्या आणि एकच लिहिली, 'मेडिकल चौक, बाबांना विचारून'. फोनवर विचारलं, "तुम्ही आजीसोबत होते तिथे जाऊन बसायचं का थोडं?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मी घड्याळ पाहिलं नाही.

"पाहू," ते म्हणाले.

नाहीच म्हणाले, तर स्टेशनवर बसू. बॅगेजवळ.