कर्ता नसलेले वाक्य

मराठीत माणसाच्या वधाची नोंद दोन प्रकारे करता येते. ‘ठार केले’ म्हटले की वाक्य कर्त्याची मागणी करते. ‘ठार झाले’ म्हटले की ती मागणी उरत नाही. व्याकरणदृष्ट्या दोन्ही प्रयोग निर्दोष आहेत. नैतिकदृष्ट्या मात्र ते समान नाहीत, आणि दूरचित्रवाणीवरील युद्धवार्तांचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली आणि सुमारे २५० जणांना ओलीस धरले. या वृत्तात कर्ता स्पष्ट होता. ओलिसांची नावे, छायाचित्रे, आप्तांचा आक्रोश हे सारे पडद्यावर आले. ते योग्यच होते. पुढे गाझातील मृतांची संख्या ५०,०००च्या पलीकडे गेली. परंतु तेथील माणूस पडद्यावर बहुधा आकडा होऊन आला, आणि त्या आकड्यालाही ‘हमासच्या नियंत्रणाखालील मंत्रालयानुसार’ अशी शंकेची किनार जोडलेली असे. परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्र प्रवेश नव्हता, हे खरे. पण स्थानिक पॅलेस्टिनी पत्रकार जिवावर उदार होऊन वार्तांकन करीतच होते. एडवर्ड सईद यांनी १९८४ मधील ‘परमिशन टू नॅरेट’ या निबंधात हेच प्रतिपादन केले होते: वस्तुस्थिती स्वतः बोलत नाही, तिला धारण करणारे कथन लागते, आणि पॅलेस्टिनींना ते कथन करण्याची मुभाच नाही.

हा प्रश्न केवळ दूरदेशीचा नाही. पोलाद कारखान्यामुळे मराठीभाषकांसह देशभरची कुटुंबे जेथे वसली, त्या भिलाईत २८ सप्टेंबर १९९१ रोजी कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी, कामावरून काढलेल्यांना परत घ्यावे यासाठी छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे कामगार पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधराहून अधिक कामगार मरण पावले. एका पोलीस अधिकाऱ्याचाही त्या दिवशी बळी गेला. ही घटना ‘जमाव’, ‘विस्कळीत वाहतूक’, ‘गोळीबारात मृत्यू’ एवढ्याच शब्दांत सांगितली, तर एकही शब्द खोटा ठरत नाही. तरीही कामगार रुळांवर का बसले आणि गोळी कोणी झाडली, हे दोन्ही प्रश्न नाहीसे होतात. गाझा आणि भिलाई यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. साम्य आहे ते सांगण्याच्या रीतीत.

कर्ता निश्चित नसताना मौन पाळणे हा वार्ताहराचा धर्मच आहे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातील अल-अहली रुग्णालयातील स्फोटाविषयी परस्परविरोधी दावे झाले. तेथे संयम आवश्यकच होता. पण जो संयम एकाच बाजूच्या मृतांच्या वाट्याला येतो, त्याला सावधगिरी म्हणता येत नाही; तो पक्षपात होय. ज्या वार्तापत्रात इस्रायली ओलिसाला नाव, वय आणि आई असते, त्याच वार्तापत्रात गाझातील मृत मुलालाही ती असली पाहिजेत. याहून अधिक सहानुभूतीची अपेक्षा वृत्तनिवेदकाकडून करण्याचे कारण नाही. परंतु याहून कमी न्याय प्रेक्षकाने स्वीकारू नये.