दोष कोणाचा?

मराठीतील ‘दोष’ हा शब्द दोन ओझी वाहतो. शरीरातील उणीव म्हणजे दोष, आणि अपराध म्हणजेही दोष. भाषांतर करताना हा शब्द मला अनेकदा अडवतो. परंतु एका ख्रिस्ती मातेच्या घरी तो जितका बोचला, तितका पूर्वी कधी बोचला नव्हता. तिच्या मुलाला हिमोफिलिया आहे. साधा मुका मार लागला तरी त्याच्या गुडघ्यात रक्त साकळते. ‘हा दोष आईकडून आला,’ असे डॉक्टर म्हणाले, आणि सासरच्यांनी त्या शब्दाचा दुसरा अर्थ उचलला.

स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. पुरुषाच्या पेशीत एक एक्स व एक वाय. रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाचे जनुक एक्सवर आहे. मुलीच्या एका एक्सवर ते बिघडले, तरी दुसरे तिला बहुधा सावरते. मुलाजवळ दुसरे नसतेच. म्हणून या घटकाच्या अभावाचा विकार मुख्यतः मुलांत, सुमारे ५,००० पुत्रजन्मांमागे एकाला, आढळतो. (सर्वच जन्मविकार असे नव्हेत. जन्मतः खुबा निखळणे मुलींतच अधिक दिसते, व त्याचा उलगडा इतका सरळ नाही.) सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या कुळात हा विकार पूर्वी नसतोच, जनुकातील बदल नव्याने घडलेला असतो, आणि तोही पुष्कळदा मातामहाच्या बीजपेशीत. मग ठपका कोणत्या पिढीवर ठेवावयाचा?

यहूदी शास्त्र्यांना गुणसूत्रे ठाऊक नव्हती, पण डोळे होते. तालमूदात सेप्फोरी येथील चार बहिणींची हकिकत आहे. तिघींची बाळे सुंतेनंतर दगावली. चौथी आली तेव्हा रब्बान शिमोन बेन गमलिएल याने तिच्या बाळाची सुंता करू नये असे सांगितले. हे नगर नासरेथापासून जेमतेम दोन कोसांवर. पुढे बाराव्या शतकात मायमोनिदेसने स्त्रीचा पती बदलला तरी हाच नियम ठरवला. धागा आईकडून येतो हे त्यांनी ओळखले होते. तरी त्या नियमात आईला शिक्षा नाही, बाळाला संरक्षण आहे. कराराची खूणदेखील जिवापुढे थांबली!

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाविषयी विचारतात, की पाप त्याचे की आईबापांचे. प्रभू दोन्ही नाकारतो. पुढचे वाक्य मात्र अवघड आहे. रूढ वाचनाप्रमाणे, देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून तो आंधळा जन्मला. पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसतात. काही अभ्यासक पूर्णविराम आधीच देतात. मग अर्थ होतो, ती कार्ये प्रकट व्हावीत म्हणून दिवस आहे तोवर आपण काम केले पाहिजे. पहिल्या वाचनात अंधत्वाला हेतू मिळतो, दुसऱ्यात शिष्यांना काम. योहानाची शैली पाहता पहिल्याला आधार अधिक आहे, हे मी नाकारणार नाही.

त्या घरी मी दुसरे वाचले. ते केवळ दयेपोटी केले काय, ही टोचणी अजून जात नाही. पहिल्या वाचनातही आईबापांवर ठपका नाही, एवढे मात्र मी सांगितले, आणि बोलताना ‘दोष’ टाळून ‘विकार’ म्हटले. सासरे बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, त्या आठव्या घटकाचे इंजेक्शन कोठे मिळते?