देह हे केवळ वस्त्र आहे काय?



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. त्या निमित्ताने आमच्या हातून झालेली एक चूक आपल्यासमोर मांडावीशी वाटते.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना तेथील एका माऊलीचा मुलगा वारला. जन्मापासून त्याच्या पायांत बळ नव्हते. तब्बल २२ वर्षे तिने त्याला उचलून न्हाऊ घातले, रोज रात्री त्याच्या पायांना खोबरेल तेल चोळले. अंत्यविधीच्या मिस्सेत आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, शरीर हे जुन्या वस्त्रासारखे असते, खरा मनुष्य म्हणजे आत्मा. आपला हा भाऊ देहाच्या तुरुंगातून सुटला आहे, तेव्हा देहाची आसक्ती सोडा. प्रवचन चांगले झाले, असे दोघातिघांनी सांगितलेही.

दफनानंतर ती माऊली आमच्यापाशी आली. म्हणाली, "फादर, मग बावीस वर्षे मी चोळले काय? कपडा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्या रात्री आम्ही स्वतःलाच विचारले की, हा 'देहाचा तुरुंग' आपण आणला कोठून? शुभवर्तमानातून तर नाही. तो आला होता सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गातून. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात सॉक्रेटिसच्या शेवटच्या दिवसाचे वर्णन आहे. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात तो विषाचा प्याला शांतपणे पितो. मित्र रडू लागतात, तेव्हा तो त्यांनाच दटावतो. त्याच्या दृष्टीने मृत्यू म्हणजे आत्म्याची देहापासून सुटका. मग रडायचे कशाला? तरुणपणी हे वाचून आम्ही भारावून गेलो होतो. आपल्या देशातही जुने वस्त्र टाकून नवे घेण्याचा गीतेतील दृष्टांत घरोघरी ठाऊक आहे. त्याविषयी आम्हाला आदरच आहे. परंतु ख्रिस्ती श्रद्धा येथे वेगळे काही सांगते आणि ते वेगळेपण आम्ही त्या दिवशी वेदीसमोर उभे राहून विसरलो.

प्रभू येशू लाझरच्या कबरेजवळ रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. गेथशेमनी बागेत तो सॉक्रेटिससारखा शांत नव्हता. व्याकूळ होऊन त्याने तो प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांना त्याने काय दाखवले? हात आणि पाय. त्यांच्यासमोर भाजलेली मासळी खाल्ली. थोमाला तर खिळ्यांचे वण दिसले. देह जर टाकून द्यायचे वस्त्र असता, तर ते वण गौरवात बरोबर कशाला आले असते?

आत्मा अमर आहे, मृत्यूनंतर तो नाहीसा होत नाही, हे ख्रिस्तसभा शिकवतेच; म्हणून तर आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. पण १३व्या शतकातील संत थॉमस अक्वायनस करिंथकरांस पहिल्या पत्रावर भाष्य करताना म्हणतो की, माझा आत्मा म्हणजे संपूर्ण मी नव्हे. देहावाचून आत्मा अपुरा आहे, तो वाट पाहत असतो. म्हणूनच प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण आत्म्याच्या सुटकेवर नव्हे, देहाच्या पुनरुत्थानावर श्रद्धा प्रकट करतो. दर रविवारी इतक्या भरभर म्हणतो की, काय म्हटले ते आपल्या ध्यानातही राहत नाही. (यात आम्हीही आलो.)

मग अनासक्तीचे काय? प्रभूने ती मागितली आहेच. कोठारे मोडून मोठी बांधणाऱ्या धनवंताचा दाखला आपण जाणतो. मात्र आपली अनासक्ती मोठी सोयीची असते. अंत्ययात्रेत 'शेवटी सगळी मातीच' म्हणणारेच एका गुंठ्याच्या मातीसाठी सख्ख्या भावाशी बोलणे टाकतात. सातबाऱ्यावरची पकड सोडायची नाही आणि आईला मात्र मुलाचे पाय विसर म्हणायचे, ही कसली विरक्ती?

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया पाहा. जपानमध्ये येशूसंघीयांबरोबर राहून तो जपानी भाषा शिकला. पुढे व्यापारात शिरला, चांगला जम बसला. तो व्यापार सोडून तो मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला. पण भाषा त्याने सोडली नाही! ज्या जिभेने सौदे केले, त्याच जिभेने १५९३ मध्ये तो फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा दुभाषा होऊन जपानला परतला. १५९७ मध्ये क्योटो येथे त्याचा व त्याच्या सोबत्यांचा डावा कान कापण्यात आला, ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारीला २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले. गोन्सालोने देहाला तुच्छ लेखले असते, तर त्या देहाचे अर्पण ते काय झाले असते? नको असलेली वस्तू कोणी वेदीवर आणत नाही. त्याने फेकले काहीच नाही; मूठ तेवढी उघडली.

महिन्याभराने आम्ही त्या माऊलीच्या घरी गेलो. आमचे चुकले, तुम्ही ज्या पायांना तेल चोळले ते पाय प्रभू विसरणार नाही, ते उठतील, असे तिला सांगितले. ती काही बोलली नाही. तिने चहा ठेवला. कोपऱ्यात मुलाची चाकांची खुर्ची चादरीखाली झाकून ठेवली होती. तिला कोणी हात लावलेला तिला खपत नसे, असे घरच्यांनी सांगितले. आम्हीही तो विषय काढला नाही.

पुढच्या उपवासकाळात तिचाच निरोप आला. आळीतले एक म्हातारेबाबा मांडीचे हाड मोडून पडले आहेत, त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन जा. आम्ही दोन मुलांना घेऊन गेलो, तेव्हा चादर घडी करून बाजूला ठेवलेली होती आणि चाकांना तिने शिलाई मशीनचे तेल घातले होते.