साखरेची सबब

मनुष्य स्वतःस फसवितो तो खोट्या गोष्टींच्या आधारानें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचा अनुभव निराळा आहे. या कामीं खऱ्या गोष्टीचा जितका उपयोग होतो तितका खोटीचा होत नाहीं. खोटी सबब फार दिवस टिकत नाहीं. तिची पोकळी आपल्यासच टोंचूं लागते. खरी सबब मात्र खणखणीत नाण्यासारखी असते. जेथें ती चालावयाची तेथें चालते, आणि पुढें जेथें चालूं नये तेथेंहि आपण ती बेधडक चालवितों. हा विचार आम्हांस कोणत्या ग्रंथानें सुचविला नाहीं. तो एका चॉकलेटच्या वडीनें सुचविला, आणि ती वडी आम्हीं आंजर्ल्यास, कड्यावरच्या गणपतीच्या चढावर, रस्त्याच्या कडेला बसून खाल्ली. विषय क्षुल्लक वाटेल. तरी वाचकांनीं थोडा धीर धरावा.

आमचें वय आतां पंचावन्नाच्या घरांत आहे. धंदा शिकविण्याचा, म्हणजे बैठा. दोन वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं रक्ताची तपासणी करून सांगितलें कीं, साखर अद्यापि घरांत शिरलेली नाहीं, परंतु उंबरठ्यावर उभी आहे. गोड कमी करा आणि पाय हलवा, असा त्यांचा दुहेरी उपदेश. पहिला भाग कठीण, म्हणून आम्हीं दुसरा आधीं हातीं घेतला. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा नाद आहे. त्यानें आम्हांस सायकल घ्यावयास लावली, आणि सुट्टींत आम्ही आंजर्ल्याच्या वडिलार्जित घरीं राहावयास आलों म्हणजे तोहि येऊं लागला. पहांटे निघावें, केळशी, मंडणगड, दापोली, हर्णै असा फेरा करून संध्याकाळीं घरीं यावें, हा त्याचा आवडता बेत. कोंकणच्या रस्त्यांस सपाटी म्हणून माहीत नाहीं. खाडीशीं उतरावें आणि पुन्हां सड्यावर चढावें, असा दिवसभर खेळ चालतो.

पहिल्याच मोठ्या फेऱ्याची ही हकीकत. सकाळीं थोडे पोहे खाऊन निघालों. दुपारीं दापोलीस जेवणाऐवजीं नुसतें ताक घेतलें, कारण भात आणि गोड टाळण्याचा निश्चय ताजा होता. आसूदचा उतार झाला, हर्णै मागें पडलें, जोग नदीवरचा पूल ओलांडला, तोंवर सर्व ठीक होतें. कड्याचा चढ लागला आणि एकाएकीं पायांतील प्राण गेला. हात थरथरूं लागले, अंगाचा घाम थंड झाला, समोरची आमराई पाण्यांतून पाहावी तशी दिसूं लागली. आणि आश्चर्य असें कीं, शरीराच्या आधीं मन खचलें. आम्ही खालीं बसलों आणि, सांगावयास लाज वाटते, डोळ्यांत पाणी आलें. विद्यार्थ्यानें कांहींहि न बोलतां खिशांतून एक वडी काढून हातावर ठेवली. उन्हानें ती इतकी मऊ झाली होती कीं, निम्मी वडी कागदावरूनच चाटून खावी लागली. पंधरा मिनिटांत आमराई पुन्हां जागच्या जागीं आली.

शरीरशास्त्रास यांत नवल वाटत नाहीं. यकृतांत सुमारें शंभर ग्रॅम आणि स्नायूंत सुमारें चारशें ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपानें सांठविलेली असते. नेटाच्या श्रमांत ही शिल्लक दोन-अडीच तासांत संपत येते. चरबीचीं कोठारें भरलेलीं असतात खरीं, परंतु त्यांतून माल सावकाश निघतो. आणि मेंदूस तर मुख्यतः साखरच लागते, म्हणून मन आधीं खचतें. बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतींत १९२४ सालीं धांवपटूंचें रक्त तपासण्यांत आलें, तेव्हां जे अगदीं गलितगात्र होऊन पोंचले त्यांच्या रक्तांतील साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षीं कांहींना शर्यतीपूर्वीं भरपूर पिष्टान्न व धांवतांना मिठाईच्या गोळ्या देऊन पाहिलें, तों ते चांगल्या स्थितींत पोंचले. हल्लीं लांब पल्ल्याच्या स्वारानें दर तासास तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकें घ्यावींत असें सांगतात; पन्नास ग्रॅमांच्या एका वडींत तीं सुमारें तीस ग्रॅम सांपडतात. शिवाय श्रम चालू असतां स्नायू रक्तांतील साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहतां ओढून घेतात. म्हणजे खुर्चींत बसून खाल्लेली वडी आणि चढावर खाल्लेली वडी ही वस्तु एकच असली तरी शरीरांतील तिची कथा दोन ठिकाणीं दोन प्रकारची होते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें चार हजार आठशें किलोमीटरांची शर्यत दोघांत मिळून पुरी केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं तीच एकट्यानें पुरी केली. अशांपुढें बसून मिताहारावर प्रवचन करणें हा शुद्ध पोरकटपणा होईल.

येथवर सारें निर्दोष आहे. पुढची गोष्ट तशी नाहीं. त्या दिवसापासून आम्हीं वड्यांचा एक खोकाच आणून ठेवला, आणि आमच्या बोलण्यांत एक नवा शब्द आला: 'इंधन'. आरंभीं आम्ही वडी चढावर खात असूं. पुढें चढाच्या आधीं. पुढें घरून निघतांना. मग आदल्या रात्रीं, उद्यांची तरतूद म्हणून. आणि शेवटीं पावसामुळें स्वारी रहित झाली त्या रविवारींहि, उत्तरपत्रिका तपासतां तपासतां, टेबलाच्या खणांतून. दर वेळीं मनांत तोच शब्द, आणि दर वेळीं तो थोडासा खरा. तीन महिन्यांनीं रक्त पुन्हां तपासलें, तों साखर उंबरठा ओलांडून आंत येऊन बसलेली. एवढें सायकल हांकून असें कां व्हावें, म्हणून डॉक्टर चकित झाले. आमच्या सौभाग्यवती मुळींच चकित झाल्या नाहींत. त्यांनीं खणांतले कागद मोजून ठेवले होते. "रस्त्यावरचा हिशेब घरांत चालवूं नका," एवढेंच त्या म्हणाल्या.

तर्कशास्त्र शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. परंतु या एका वाक्यांत आमच्या हेत्वाभासाचें जें निदान झालें तें आम्हांस स्वतः करतां आलें नव्हतें. आम्ही त्या 'इंधन' शब्दाकडे पुन्हां पाहूं लागलों. चूल लांकडाची चव घेत नाहीं; तिला तें वाळलेलें असलें म्हणजे झालें. आम्हांस खरोखरच इंधन हवें असतें तर विद्यार्थ्यानें सुचविलेलें ग्लुकोजचें पाणी आम्हीं आनंदानें घेतलें असतें. तें स्वस्त, आणि वडींतील चरबीमुळें पोटांत जो विलंब लागतो तो त्यांत नाहीं. आम्हीं मात्र एक घोट घेऊन तें 'बेचव' म्हणून परत केलें होतें! हा एकच शब्द आमच्याविरुद्ध पुरेसा पुरावा आहे. इंधनाच्या परवान्यावर आम्ही गोड खात होतों.

कोणी विरक्त पुरुष म्हणेल, मग गोडच सोडा, म्हणजे वाद मिटेल. हेंहि आम्हांस पटत नाहीं. आमच्या वडिलांच्या काळीं उन्हांतून कोणी दारीं आला कीं त्याच्यापुढें आधीं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या येई, मग कामाचें बोलणें. ज्यांनीं ही चाल पाडली त्यांना ग्लायकोजेन ठाऊक नव्हतें. पण चालून आलेल्या माणसास काय हवें असतें तें नेमकें ठाऊक होतें. आणि त्यांत गोडी होती, आदर होता. कोणास तिची शरम वाटत नसे. तसें पाहिलें तर अमेरिकेंत १९३० सालीं निघालेली स्निकर्स वडी आणि आपली चिक्की यांचें नातें जवळचेंच आहे: दोहोंत शेंगदाणे आणि पाक. चॉकलेट, दूध आणि किंमत एवढाच काय तो फरक. गुळाच्या खड्याचा गुण आम्हांस त्याच्या देशीपणांत दिसत नाहीं. स्वदेशीचें व्याख्यान येथें नको. तो खडा दुसऱ्याच्या हातून येत असे, आणि एकच येत असे, यांत त्याचा गुण आहे. खिशांतल्या वडीच्या बाबतींत ज्याची गरज तोच न्यायाधीश आणि तोच कोठावळा. असा दरबार कोठेंहि फार दिवस सचोटीनें चालल्याचें ऐकिवांत नाहीं.

परंतु याहून अवघड प्रश्न आम्हांस हर्णै बंदरावर पडला. संध्याकाळीं होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव चालला होता, आणि बायका भरलेल्या पाट्या डोक्यावर घेऊन वाळूंतून वर येत होत्या. आम्ही चहासाठीं थांबलों. शेजारीं एक पन्नाशीची बाई पाटी उतरवून बशींतला चहा पीत होती. आमची टोपी, घट्ट कपडे आणि सायकलीवरच्या पिशव्या पाहून तिनें विचारलें, "काका, कुठवर गेला होतात?" आम्हीं सगळा फेरा सांगितला. "येवढ्या लांबून काय आणलंत?" आम्ही म्हणालों, कांहीं नाहीं. "कांहींच नाहीं?" असें म्हणून ती हंसली, तिनें पाटी चढविली आणि चालूं लागली. तिच्या हंसण्यांत उपहास नव्हता, नुसती मौज होती. म्हणूनच तें अधिक लागलें.

तिच्या चहांतील साखरेस कोणी इंधन म्हणत नाहीं. तिच्या खेपा कोणी किलोमीटरांत मोजीत नाहीं. तिची भूक तिच्यावर आलेली आहे. आमची भूक आम्हीं मुद्दाम, दिवस खर्चून, महागडी सायकल घेऊन तयार केलेली. हर्णैहून जवळच असलेल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे लहानपणीं परीक्षेसाठीं साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायीं गेले, आणि वयानें फार लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं, ही हकीकत आमच्या पिढीस ठाऊक आहे. ती वाट आणि आमचा फेरा यांत श्रमाचें मान कदाचित् सारखें भरेल. पण दोन्हींना एकच नांव देण्यास आमची जीभ रेटत नाहीं. मग हौसेचे श्रम म्हणजे अन्नाची नासाडी काय? आमचे एक अर्थशास्त्री मित्र तसें म्हणतात. आम्ही बराच विचार करून याच्या उलट मतास आलों आहों. गाणें, खेळणें, डोंगर चढणें यांचा हिशेब मासळीच्या पाट्यांत मागूं लागलें तर मनुष्याच्या पुष्कळशा चांगल्या गोष्टी बंद कराव्या लागतील. केळशीकडून येतांना सड्यावरून समुद्र प्रथम दिसतो त्या क्षणासाठीं आम्ही आणखी दहा चढ चढूं. आमचा आक्षेप एवढाच कीं, हौसेनें उत्पन्न केलेल्या गरजेनें ओढवलेल्या गरजेचे हक्क सांगूं नयेत. हौस आहे ना, मग तिला हौस म्हणावें. हौशीला मर्यादा घालतां येते. 'इंधन' म्हटलें कीं मर्यादा पुसावयाची कोणाला? यंत्र मागतें आहे, आपण घालतों आहों!

या संदर्भांत एक प्रसंग आमच्या मनांतून जात नाहीं. २९ मे १९५३ रोजीं तेनसिंग व हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचले. तेथें तेनसिंगनें बर्फांत लहानसा खळगा करून त्यांत एक चॉकलेट, बिस्किटें आणि मूठभर गोळ्या देवास अर्पण केल्या. ज्या ठिकाणीं पृथ्वीवर साखरेची गरज सर्वांत अधिक, सारा उतार अजून बाकी, तेथें त्या मनुष्यानें ती देऊन टाकली. त्याच्या लेखीं तें चॉकलेट इंधन असतें तर हें सुचलें नसतें. इंधनाचा नैवेद्य कोणी दाखवीत नाहीं. कड्यावरच्या गणपतीपुढें साखर ठेवणारी आमची आजी हें न शिकतांच जाणत होती. तिच्या वाटीतली साखर आधीं गोड होती, आणि म्हणूनच देण्यासारखी होती.

असो. सध्यां आमच्याकडील व्यवस्था अशी आहे. टेबलाचा खण रिकामा. स्वारीच्या दिवशीं सौभाग्यवती मोजून चार चिक्क्या आणि आंबापोळीची एक घडी रुमालांत बांधून देतात. उरेल तें त्यांच्या हातीं परत करावयाचें. चिक्की आमच्याकडच्या दमट हवेंत चिकटते, दांतांनाहि त्रास देते. परंतु कागद चाटण्याची पाळी येत नाहीं. रक्ताची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. मागच्या खेपेस हर्णैस ती बाई पुन्हां भेटली आणि तिनें तोच प्रश्न विचारला. आम्हीं रुमाल सोडून दाखविला. एक चिक्की उरली होती. तिनें अर्धी मोडून तोंडांत टाकली आणि म्हणाली, "काका, गूळ जुना आहे हो."