कोपऱ्यातल्या टेबलावरून

रविवारी दुपारी घरातले तीन संगणक एकमेकांना जोडायला बसलो. हिच्या लॅपटॉपवर विंडोज, कारण तिचं हिशेबाचं काम त्यावरच चालतं. लेकीचा मॅक. माझ्या जुन्या डबड्यावर उबंटू. आजवर फाइल इकडची तिकडे करायची म्हणजे पेनड्राइव्ह शोधा, नाहीतर एकाच खोलीत बसून ईमेल पाठवा. ‘सगळ्यांनी एकच काहीतरी वापरा ना,’ असं पुष्कळांनी सुचवलं. मला ते कधीच पटलं नाही. ज्याचा हात जिथे बसलाय, तिथून त्याला का उठवायचं?

राउटरने तिघांना १९२.१६८ पासून सुरू होणारे पत्ते लगेच दिले. तो भेदभाव करत नाही. अडतं ते पुढे, एकाचा फोल्डर दुसऱ्याला उघडताना. विंडोजची त्यासाठीची बोली एसएमबी; मॅकनेही २०१३ पासून तिलाच पहिली पसंती दिली. माझ्या उबंटूवर ती बोलतो तो सांबा.

या सांबाची जन्मकथा मला फार प्रिय आहे. १९९१ संपत आलं होतं. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला युनिक्स यंत्रावरची डिस्क पीसीवरून वापरायची होती. पलीकडची बोली शिकवणारं पुस्तक हाताशी नव्हतं. मग त्याने दोन यंत्रांमधून ये-जा करणारे संदेश टिपायला सुरुवात केली. पुढे त्याने ही रीत समजावताना फ्रेंच कॅफेचा दाखला दिला. फ्रेंच येत नाही, शब्दकोश नाही; तर कॅफेत जाऊन बसावं. गिऱ्हाईक काय म्हणतं आणि वेटर काय आणून ठेवतो, ते लिहीत राहावं. हळूहळू पाव कशाला म्हणतात, कॉफी कशाला म्हणतात, ते उमगतं. मग स्वतः मागून बघावं. चुकलं तर वेटरचा चेहरा सांगतोच.

परगावी नव्याने राहायला गेलेला माणूस भाजीवाल्याकडे उभा राहून हेच करतो. नाव ठेवायची वेळ आली तेव्हाही ट्रिजेलने शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारे शब्द संगणकाला शोधायला लावले. त्यात सांबा सापडला. २००७ च्या डिसेंबरात, युरोपातल्या न्यायालयीन निकालानंतर, मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं सांबाच्या मंडळींना रीतसर मिळाली. तोवरची जवळपास १६ वर्षं बरंचसं काम कान देऊनच चाललं होतं. एवढा धीर कुठून आणला असेल त्यांनी!

संध्याकाळपर्यंत फोल्डर तिन्हीकडे दिसू लागला. तेवढ्यात आतून हाक आली, ‘‘अहो, ही कसली फाइल? नाव वाचताच येत नाहीये.’’ मी जाऊन पाहिलं. मी नाव दिलं होतं ‘वीजबिल: मार्च’. माझ्याकडे ते चालतं, पण विंडोजला फाइलच्या नावात विसर्गासारखी ती दोन टिंबं चालत नाहीत. म्हणून सांबाने परस्पर तिच्यापुरतं एक तोडकंमोडकं नाव रचून दिलं होतं. फाइल मात्र सुखरूप होती. मी परत येऊन टिंबं काढली, तिथे छोटी आडवी रेघ दिली.

‘‘आता?’’ मी इथूनच विचारलं.

‘‘हं, आता वाचता येतंय.’’